टेम्सचं पाणी: चढताना साडेसात तास, उतरताना पाचही नाहीत

आराखड्याचा पहिला कागद अजून माझ्याकडे आहे. कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलेला. डावीकडे 'जाणे', उजवीकडे 'येणे', आणि दोन्ही रकान्यांत तेच आकडे उलट्या क्रमाने. शनिवारी टेम्सच्या तोंडाजवळच्या क्वीनबरो बंदरातून निघून लंडनला लाइमहाउसचा बोटींचा हौद, सोमवारी लाइमहाउसहून निघून क्वीनबरो. दोन्हीकडे अंतर ४० सागरी मैल, दोन्हीकडे वेळ सहा तास. दिसायला इतका नीटनेटका कागद की चूक शोधावीशीही वाटू नये. ती काकांनी शोधली. काकांनी टेम्स तोवर पाहिलीही नव्हती.

हे प्रकरण आमच्या तीन दिवसांच्या फेरीचं. भरती-ओहोटीच्या नदीत शिडाची बोट घेऊन जाताना मुक्काम कुठे करायचे, हे कसं ठरत गेलं, काय चुकलं आणि काय नशिबाने निभावलं, ते आकड्यांसकट लिहितो.

बोट, माणसं आणि तारीख

बोट ३१ फुटी. पाण्याखाली १.४ मीटर, डोलकाठी पाण्यापासून साडेतेरा मीटर. डिझेल इंजिनावर न कण्हता पाच नॉट (तासाला पाच सागरी मैल) चालते, सहा मागितले तर कुरकुरते. ती केंटमध्ये मेडवे नदीत बांधलेली असते. बोटीवर मी, बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि तीन महिन्यांसाठी आलेले काका. काकांचं आयुष्य धरमतरच्या खाडीत बार्जवर सुकाणू धरण्यात गेलं. मुंबई बंदरात उभ्या जहाजातून माल उतरवायचा, रेवसच्या तोंडाशी पाण्याची वाट पाहायची आणि भरतीबरोबर अंबा नदीत शिरायचं. भरती चुकली तर चिखलात बसून बारा तास पत्ते. त्यांना होकायंत्रापेक्षा तिथी जास्त कळते.

तारीख मे अखेरच्या जोडून आलेल्या सुट्टीची. शनिवारी पौर्णिमा, म्हणजे उधाण जवळ. उधाणाला लंडनच्या पुलाशी भरती-ओहोटीतला फरक साडेसहा मीटरच्या आसपास जातो आणि प्रवाह काही ठिकाणी तीन-चार नॉट धावतो. एवढ्या पाण्यात हौशी माणसाने कशाला जावं, भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीचे, शांत दिवस का निवडू नयेत, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर घड्याळात आहे. लंडन पुलाशी उधाणाची पूर्ण भरती उन्हाळी घड्याळाने दुपारी तीनच्या आगेमागे येते, म्हणजे सकाळी निघून दिवसाउजेडी पोचता येतं. भांगाला तीच भरती सकाळी किंवा रात्री साडेआठ-नऊला. तेव्हा एकतर मध्यरात्री निघा, नाहीतर लाइमहाउसचं लॉक (नदीतून हौदात बोट घेणारी दुहेरी दारं) दिवसाचं काम आटोपून बंद झाल्यावर त्याच्या दारात उभे राहा. तेव्हा जोराचं पाणी पत्करलं, अंधार नको.

काकांची तिथीची पाऊणपट इथे कामाला आली. कोकणात हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यांनी लंडनचा तक्ता दोन दिवस न्याहाळला आणि जाहीर केलं, "पाऊणपट घे आणि पावणेचार तास मिळव. तुझं लंडन." पौर्णिमेला सव्वाअकरा अधिक पावणेचार, बरोबर तीन. अष्टमीला पावणेदहा येतात, म्हणजे पाऊण ते सव्वा तासाची चूक. तरी तारीख निवडायला एवढं पुरतं. प्रत्यक्ष निघायला मात्र छापील तक्ता.

पहिली चूक: घड्याळाची

मी क्वीनबरोजवळच्या, मेडवेच्या तोंडावरच्या शीरनेसच्या वेळा छापील पंचांगातून घेतल्या होत्या आणि लंडन पुलाच्या फोनवरून. ब्रिटनचे छापील तक्ते ग्रिनिच वेळेत असतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. फोन तो आपणहून मिळवतो. मी अर्धा कागद एका घड्याळात आणि अर्धा दुसऱ्या घड्याळात लिहून बसलो होतो.

काकांनी वेळा वाचल्या नाहीत, दोन आकड्यांमधलं अंतर वाचलं. "शीरनेसला भरती बाराचाळीसला आणि लंडनला तीनला? पाण्याला सव्वादोन तास लागतात होय? काल तर तू सव्वा तास म्हणालास."

सव्वा तासच लागतो, एक तास वीस मिनिटं धरतात. शीरनेसची भरती १३:४० ची होती. हा कागद घेऊन निघालो असतो तर खाडीच्या तोंडाशी तासभर उलट्या ओहोटीशी झगडलो असतो आणि तक्त्याला शिव्या घातल्या असत्या. तेव्हापासून कागदाच्या डोक्यावर 'सर्व वेळा घड्याळाप्रमाणे' असं लिहितो आणि दोन ठिकाणांमधला फरक पडताळल्याशिवाय पुढे जात नाही.

दुसरी चूक: 'जाणे' उलटं केलं की 'येणे' होत नाही

आता मुख्य मुद्दा. शनिवारचे आकडे असे: शीरनेसला पूर्ण ओहोटी ०७:२५, पूर्ण भरती १३:४०. लंडन पुलाशी पूर्ण ओहोटी नऊच्या सुमारास, पूर्ण भरती १५:००.

वर चढणाऱ्या बोटीला ०७:२५ ला शीरनेसजवळ भरती लागते. ती पुढे सरकते, तशी भरतीही पुढे सरकते. शीरनेसला १३:४० ला पाणी थांबलं तरी बोट तोवर कितीतरी वर पोचलेली असते आणि तिथे भरती अजून चालूच असते. हे सुख लंडनला १५:०० ला संपतं. म्हणजे सोबतीचं पाणी सात तास पस्तीस मिनिटं.

उतरताना उलट. लंडनला १५:०० ला ओहोटी लागली की निघालो, आणि शीरनेसला पुढची भरती १९:५० ला सुरू. सोबतीचं पाणी चार तास पन्नास मिनिटं. त्यातली शेवटची काही तर समोरून येणाऱ्या भरतीच्या दिशेनेच धावत जाण्यात जातात.

दोन्हींची बेरीज करून पाहा: बारा तास पंचवीस मिनिटं, म्हणजे भरतीपासून भरतीपर्यंतचा एक पूर्ण फेरा. चढताना जे जास्तीचं मिळालं ते उतरताना कापून घेतलं जातं. नदी कोणाला फुकट काही देत नाही.

हे मी मुलीला कागदावर रेघा मारून समजावत होतो. काकांनी मध्येच सांगितलं, "पनवेलहून महाडला एसटीने जाताना पावसाची सर आपल्याच दिशेने चाललेली असली तर माणूस तासभर भिजतो. तीच समोरून आली तर दहा मिनिटांत पलीकडे. भरतीची सर समज." मुलीला रेघांपेक्षा एसटी लवकर कळली, आणि ती अजून पनवेलच्या एसटीत बसलेली नाही.

आता पहिला कागद तपासू. ४० मैल चार तास पन्नास मिनिटांत कापायचे तर जमिनीवरून सव्वाआठ नॉट हवेत. बोट पाच देते, म्हणजे पूर्ण वाटभर प्रवाहाने सव्वातीन नॉट द्यायला हवेत. उधाणातही तो सरासरी दोन-अडीचच्या पुढे देत नाही. शिवाय सोमवारी भरती आणखी उशिरा, १६:२० च्या सुमारास, म्हणजे शीरनेसची ओहोटी संपणार रात्री नऊनंतर. आम्ही नेमके अंधार पडताना, समोरून भरती येत असताना, मोठ्या जहाजांच्या वाटेशेजारी असतो. नऊ वाजता मुलीला झोप आलेली आणि माझा अंदाज चुकलेला.

मुक्काम कुठे

उतरताना मध्ये थांबणं भाग आहे, इतकं ठरलं. कुठे, यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी घर घेतानाही झाली नव्हती.

ग्रिनिच फार जवळ. तिथे थांबून उरलेली वाट कमी होत नाही. एरिथला नौकाक्लबचे बोये (तळाशी साखळीने अडकवलेले, बोट बांधायचे तरंगते गोळे) आहेत, पण ते ग्रेव्हझेंडच्या बरेच वर. उरलेला टप्पा लांबतो. नदीच्या उत्तर काठावर, कॅनव्हे बेटाशेजारी होलहेवनची खाडी. पूर्वीच्या शिडाच्या बोटींचा नांगर टाकायचा आवडता आडोसा, पण आता भोवती तेलाचे धक्के, आणि त्यासाठी जहाजांची वाट ओलांडून पलीकडे जावं लागतं. सूर्य मावळतीला असताना ते नको वाटलं.

राहिलं ग्रेव्हझेंड, वाटेच्या जवळजवळ मध्यावर. लाइमहाउसपासून २१ मैल, पुढे क्वीनबरो १९. तिथे जुन्या कालव्याच्या हौदात सुरेख निवारा आहे, पण त्याचं लॉक भरतीच्या आधी तासभर उघडतं आणि पूर्ण भरतीला मिटतं. आम्ही पोचणार भरतीनंतर साडेतीन तासांनी. म्हणजे उघड्या नदीत बोयाला बांधून झोपायचं. तिथे रात्रभर टग, पायलटच्या बोटी आणि टिलबरीला ये-जा करणारी जहाजं लाटा उठवत राहतात, हे ऐकून होतो.

त्यातून दुसरा प्रश्न उभा राहिला. सोमवारी निघालो तर ग्रेव्हझेंडला सोमवारची रात्र, आणि मंगळवारी सुट्टी संपलेली. म्हणजे लंडन रविवारी दुपारीच सोडायला हवं. मुलीने दोन दिवसांत बघायच्या गोष्टींची यादी केली होती, ती एका सकाळीवर आली. बायको म्हणाली, "म्हणजे लंडनला चोवीस तास राहण्यासाठी आपण तीन दिवस बोटीत बसणार?" याला प्रामाणिक उत्तर 'हो' असं होतं, आणि ते मी दिलं.

पण हिशेब मांडून पाहिला तेव्हा मजा वाटली. रविवारी लंडनची भरती १५:४०. तिच्या थोडं आधी लॉकमधून बाहेर पडायचं, ओहोटीबरोबर तीन तासांत ग्रेव्हझेंड. सोमवारी ग्रेव्हझेंडला रात्री तीनला भरती, शीरनेसला पूर्ण ओहोटी ०८:४५. सूर्य पाचच्या आधी उगवतो. पाचला निघालो की ओहोटीबरोबर आठच्या आत क्वीनबरो. तिथे चहा होईतो भरती लागते, ती मेडवेतून थेट घरच्या धक्क्याला नेते. तीन टप्पे, तिन्हींना सोबतीचं पाणी. पहिल्या कागदात रविवारची संध्याकाळ नव्हती म्हणून सगळं अडलं होतं.

दुसऱ्या कागदावर मी प्रत्येक ठिकाणासमोर 'यानंतर पुढे नाही' अशी वेळ लिहिली. ग्रेव्हझेंड ११:४०. टेम्स बॅरियर, म्हणजे लंडनला पुरापासून वाचवणारी नदीतली दारं, १३:४५. त्यापेक्षा उशीर झाला तर ग्रेव्हझेंडलाच थांबायचं किंवा एरिथला. या वेळांबद्दल पुढे सांगतो, कारण त्यातली एक चुकीची होती.

बाकी कामं भराभर सांगतो. लाइमहाउसला फोन करून जागा आणि लॉकची वेळ ठरवली. टेम्स बॅरियरच्या दारांची महिन्याला चाचणी होते, त्या शनिवार-रविवारी ती नाही ना, ते पाहिलं. लंडन बंदराच्या सूचना वाचल्या. रेडिओच्या वाहिन्या मोठ्या अक्षरांत लिहून जिन्याशेजारी चिकटवल्या: मेडवेला ७४, टेम्समध्ये खाली ६८, क्रेफर्डनेसच्या वर १४, लाइमहाउस लॉकला ८०. टॉवर ब्रिजची चिंता नव्हती, लाइमहाउस त्याच्या खालीच येतं. नाहीतर साडेतेरा मीटरच्या काठीसाठी तो चोवीस तास आधी सांगून उघडून घ्यावा लागतो. उघडतात मात्र फुकट.

शनिवार

क्वीनबरो हे स्वेल खाडीच्या पश्चिम तोंडाशी आहे. कोणत्याही पाण्याला आत येता येतं, म्हणून शुक्रवारची रात्र तिथे. सकाळी सहाला उठलो तर समोरचा शंभर पावलांवरचा बोया दिसेना. धुकं. कागदाप्रमाणे ०७:२५ ला निघायचं होतं. आठ वाजले, सव्वाआठ वाजले. बायकोने थालीपिठं लावली. मी दर पाच मिनिटांनी बाहेर जाऊन धुक्याकडे रागाने पाहत होतो. काका थालीपिठाला भोक पाडून तेल सोडत होते.

"काका, भरती चाललीय. वाया जातेय."

"जाऊ दे. साडेसात तासांतले दीड गेले तरी सहा उरतात. धरमतरला आम्हाला चारच मिळायचे."

०८:३५ ला बोये दिसू लागले आणि निघालो. कागदावरचा दुसरा धोका इथेच होता. मेडवेतून बाहेर पडून टेम्सकडे वळताना ग्रेनच्या उथळ पट्ट्यावरून सरळ कापून जायचा मोह होतो. उधाणाच्या पूर्ण ओहोटीला तिथे आमच्या १.४ मीटरची खात्री नव्हती. भरती लागून तास उलटला होता तरी वाट सोडली नाही. उजवीकडे लांबवर पाण्यातून तीन काठ्या वर आलेल्या दिसतात. ते रिचर्ड माँटगोमेरी हे १९४४ च्या ऑगस्टमध्ये रुतलेलं अमेरिकी मालवाहू जहाज. पोटात अजून सुमारे १,४०० टन स्फोटकं आहेत, भोवती बोयांचं कुंपण. काकांनी हात जोडले. बाँबला की बुडालेल्या जहाजाला, ते विचारलं नाही.

टेम्सचं तोंड म्हणजे नदी वाटतच नाही. काठ इतके लांब की मुलगी दोनदा म्हणाली, आपण समुद्रातच आहोत. खणलेल्या खोल वाटेतून कंटेनरची जहाजं जातात. आम्ही दक्षिणेच्या बोयांच्या बाहेर, केंटच्या बाजूने. उत्तरेला साउथएंडचा दोन किलोमीटरहून लांब धक्का, मग लंडन गेटवे बंदराच्या क्रेन.

लोअर होप नावाच्या वळणावर नदी दक्षिणेला वळते. वारा नैर्ऋत्येचा, चार फोर्सचा, म्हणजे मध्यम. भरती त्याच्या तोंडावर धावते. वारा आणि पाणी समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. आमची ३१ फुटी दर तिसऱ्या लाटेत नाक खुपसून थांबायची. जमिनीवरचा वेग सातवरून साडेपाचवर आला. प्रवाह सोबत असूनही. आराखड्यात मी प्रवाह मिळवला होता, पण त्यावर उलट वारा आला तर तो किती खातो ते धरलं नव्हतं.

ग्रेव्हझेंडला पोचलो ११:५० ला. कागद म्हणतो ११:४०.

या दहा मिनिटांवर अर्धा तास घालवणं परवडणारं नव्हतं, तरी इंजिन मंद करून कागद उघडला. ११:४० कुठून आले होते? तीनला पाणी फिरायच्या आत पोचायचं, म्हणून मागे मोजत आलो होतो, वर पंचवीस मिनिटांची उशी ठेवून. पण तीनला नक्की काय बंद होतं? लॉक नाही. ते पूर्ण भरतीनंतरही बराच वेळ चालतं. खोल ओहोटीलाच पाणी पुरत नाही. तीनला फक्त प्रवाह फिरतो, आणि फिरल्यावर पहिला अर्धा तास तो मंदच असतो. शिवाय वर नदी अरुंद होते, भरती अजून जोरात होती. २१ मैल, साडेसात नॉट, पावणेतीन तास: १४:४० ला लाइमहाउस. मी पाण्याची वेळ आणि लॉकची वेळ एकाच ओळीत कोंबली होती, आणि उशी दोनदा ठेवली होती.

पुढे निघालो. हा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. पण एक कबूल करतो: स्वतःच घातलेली मर्यादा ती येईपर्यंत पक्की वाटते आणि आली की तिच्यात पळवाट दिसायला लागते. तेव्हा दिसलेली पळवाट खरी निघाली. तशी नेहमी निघेल असं नाही.

समोर टिलबरी. १८८६ साली गोद्या उघडल्या, आणि पी अँड ओच्या मुंबईच्या आगबोटी इथून सुटत. त्यांच्या डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असत. त्यांच्या मुकादमाला इंग्रज अधिकारीसुद्धा 'सेरँग' म्हणत, तो आपला सारंग. लंडनमध्ये अडकलेल्या खलाशांसाठी १८५७ मध्ये वेस्ट इंडिया डॉक रोडवर एक आसरागृह उघडलं होतं. तो रस्ता लाइमहाउसातच आहे. काका बराच वेळ टिलबरीच्या धक्क्याकडे बघत होते. त्यांच्या गावातला एकजण असाच 'बोटीवर' गेला तो परत आला नव्हता. "इथेच उतरला असंल," एवढंच म्हणाले.

डार्टफर्डचा राणी एलिझाबेथ पूल पन्नास मीटरहून उंच आहे, तरी खालून जाताना काठी घासणार असं प्रत्येकाला वाटतं. पुढे उजवा काठ धरून चढत राहिलो. बॅरियरच्या बऱ्याच आधी १४ वर लंडनच्या नियंत्रणाला बोटीचं नाव, लांबी आणि आम्ही चढतोय हे सांगितलं. त्यांनी कोणत्या दारातून जायचं ते सांगितलं. त्या दारावर हिरवे बाण, बंद दारांवर लाल फुल्या. शीड उतरवून इंजिनावरच जायचं, तो नियमच आहे. चांदीच्या शिरस्त्राणांसारखे दिसणारे ते खांब, मुख्य दारं ६१ मीटर रुंद, पण तिथे प्रवाह असा खेचतो की ६१ मीटर बोळासारखे वाटतात. १३:५० ला पार.

लाइमहाउसचं तोंड डाव्या-उजव्या भिंतींमध्ये नदीला काटकोनात आहे. भर भरतीत तिथे पोचलं तर वळताना बोट आडवी ओढली जाते. त्यासाठी मी आधी चित्रं काढून ठेवली होती: पुढे जायचं, वळून प्रवाहाकडे तोंड करायचं, मग तिरकं सरकत आत. १४:३५ ला पोचलो तेव्हा पाणी मंदावलं होतं. चित्र न वापरताच आत गेलो. धुक्याने खाल्लेला तास इथे परत मिळाला. वेळेत निघालो असतो तर दीडच्या सुमारास, ऐन प्रवाहात पोचलो असतो.

बोया

रविवारचं उतरणं सरळ झालं. १५:१५ ला लॉकबाहेर, १८:१५ ला ग्रेव्हझेंड. पहिल्या तासात प्रवासी कॅटामरान मागून येऊन अशा लाटा फेकून जातात की मेतकूटभाताची पातेली हातात धरून बसावं लागलं.

बोयाला दोर एकच घातला, हाताला लागेल तितका आखूड. जेवून झोपलो. साडेआठला ओहोटी संपली, बोट तोंड फिरवून भरतीकडे वळली. सगळं ठीक. रात्री तीनला पाणी पुन्हा थांबलं, वारा मात्र थांबला नव्हता. थांबलेल्या पाण्यात वारा बोटीला एकीकडे ढकलतो, बोया स्वतःच्या साखळीवर दुसरीकडे डोलतो. आणि तो लोखंडी गोळा थेट माझ्या डोक्याशी, पाऊण इंच फायबरग्लासच्या पलीकडे, ठण्ण करून आदळायला लागला. ठण्ण. मग मोठं जहाज जायचं, लाट यायची. ठण्ण, ठण्ण, ठण्ण.

विजेरी तोंडात धरून पुढच्या टोकाला पालथा पडलो. बोया बोटीच्या नाकाखाली शिरून उजवीकडून डोकं काढत होता. बोटीच्या टोकापासून पाय लावून ढकलला, परत आला. शेवटी दोन फेंडर (धक्का झेलणाऱ्या फुगीर उश्या) नाकाच्या दोन्ही बाजूंना पाण्यापर्यंत लोंबते बांधले आणि दोर दुहेरी करून आणखी आखडला, इतका की बोया जवळजवळ पाण्याबाहेर उचलला गेला. आवाज थांबला. चारला पाणी वाहायला लागलं आणि बोट आपोआप मागे सरकून दोर ताणला गेला. तोवर माझी झोप गेली होती. सकाळी बोटीच्या रंगावर तळहाताएवढा काळा डाग होता.

काका या सगळ्यात जागे होते. उठले का नाहीत विचारलं तर म्हणाले, "तू शिकत होतास."

पाचला दोर सोडला. काठावर अजून दिवे होते, नदीवर पातळ वाफ. पावणेतीन तासांत क्वीनबरो, ओहोटी संपायला तासभर बाकी. धक्क्याच्या हिरव्या शेवाळलेल्या लाकडावर पाण्याची ओली रेघ आमच्या डोक्याच्या वर दिसत होती. काकांनी चहाचा कप धरूनच तिच्याकडे बोट केलं आणि मुलीला विचारलं, "किती वाजता ते पाणी इथे परत येईल?" तिने बोटांवर मोजलं. तिथी द्वितीया, दोनला पाऊणने गुणलं की दीड, त्यात पावणेचार मिळवले की सव्वापाच, आणि लंडन नाही शीरनेस म्हणून सव्वा तास वजा. "चार?" तक्ता १५:०० म्हणत होता. एका तासाची चूक, पण वजाबाकी करायची तिला सुचली.

तिसऱ्या कागदावर, पुढच्या वेळच्या, मी तीन गोष्टी बदलल्या आहेत. पाण्याची शेवटची वेळ आणि लॉकची शेवटची वेळ आता वेगळ्या रकान्यांत आहेत. लोअर होपसाठी नैर्ऋत्येचा वारा असेल तर वाढीव अर्धा तास. आणि ग्रेव्हझेंडसमोर लिहिलंय: फेंडर आधी, झोप नंतर.